सोलापूरहून कळसूबाई: डोंगर सोपाय, प्रवासच अवघडय

दरवर्षी पाऊस सुरू झाला की कोण ना कोण विचारतंच, कळसूबाईला जायचंय, कसं जायचं, जमेल का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी आत्तापर्यंत चार वेळा जाऊन आलोय, त्यातली पहिली वेळ पूर्ण फसली होती आणि तीच जास्त कामाला येईल तुमच्या.

आधी मुद्द्याचं. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, नगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या हद्दीवर. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात नगरच येतं, समजून घ्या.) वाट मळलेली आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, नवरात्रात आजीबाया सुद्धा चढतात. पण आपण सोलापूरवाले तिथनं चारशे किलोमीटर लांब. पुणे-मुंबईची मंडळी रात्री निघून सकाळी चढतात आणि संध्याकाळी घरी, त्यांचं बघून आपण तसंच करायला जातो आणि तिथंच मार खातो. रात्रभर गाडीत बसून आखडलेले पाय घेऊन डोंगर चढायचा नाही, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. तीन दिवस काढा. पहिला दिवस प्रवास, दुसरा दिवस डोंगर, तिसऱ्या दिवशी आजूबाजूची गावं बघत परत.

कधी जायचं

सप्टेंबरअखेर ते जानेवारी, डोळे झाकून. त्यातही सप्टेंबरचे शेवटचे दिवस ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ लै भारी, पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवा असतो आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली असतात. नवरात्रात वर देवीची जत्रा असते, गर्दी असते, पण तिची मजा वेगळी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते. हिशोब सोपाय, हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होतं आणि सोलापूर आहे साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, म्हणजे शिखरावर आपल्यापेक्षा सात-आठ अंश कमी, वर वारा वेगळाच. स्वेटर नको म्हणणारे आमचे एक मित्र वर चादर गुंडाळून बसले होते, सोलापुरी चादरीचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे बघितला नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये फोटो छान येतात हे खरंय पण पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊ नये असं माझं मत. आपल्याकडे वर्षभरात पाऊस पडतो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिकडं घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात चार हजारांच्या पुढं जातो. आपण ज्याला मुसळधार म्हणतो तो तिथं रोजचा पाऊस असतो ओ. धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, शिड्या निसरड्या होतात आणि शनिवार-रविवारी शिडीखाली रांग लागते ती वेगळी. तरी जायचंच असेल तर मधल्या वारी जा, आणि निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी फोन करून वाट चालू आहे का ते विचारा, जोराच्या पावसात कधीकधी पर्यटकांना बंदी घालतात. विजा कडकडायला लागल्या तर शिडीजवळ थांबायचं नाही, सरळ खाली यायचं.

एप्रिल-मे नकोच, ऊन खायला आपलं गाव काय कमी आहे का? फक्त मे संपता-संपता ते जूनचा पहिला पंधरवडा भंडारदऱ्याच्या भागात काजवे असतात, तो कार्यक्रम वेगळा ठेवा. गेलात तर गाडीचे लाईट बंद करा, मोबाईलची बॅटरी मारू नका. काजव्यांचं ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं, आपल्या उजेडात त्यांना एकमेकं सापडत नाहीत.

तयारी, म्हणजे जिना

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे आपल्यात घरटी एक तरी सापडतील. पंचेचाळीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाने कळसूबाईला घाबरायचं कारण नाही, पण सपाट चालणं आणि चढणं यात फरक आहे, मांडीचे वेगळेच स्नायू लागतात. पायथ्याचं बारी गाव साडेसातशे-आठशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्याला चढायचे साडेआठशे-नऊशे मीटर. तीन मीटरचा एक मजला धरला तर तीनशे मजले! पाच मजली अपार्टमेंटला साठ चकरा. हा आकडा ऐकून आमच्या सोसायटीतल्या दोघांनी तिथंच नाव मागं घेतलं.

घाबरू नका, एका दमात साठ चकरा मारायच्या नाहीयेत. तीन आठवडे आधी सुरू करा, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या आठवड्यात पाच-सहा चकरा, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली चार-पाच किलोची सॅक घेऊन पंधरा. वर जाताना जिना आणि खाली येताना लिफ्ट असला लाडावलेपणा करू नका कारण गुडघे बोंबलतात ते उतरताना. निघायच्या आधी दोन दिवस पूर्ण आराम.

आता बुटाची गोष्ट. पहिल्या वेळी मी माळ्यावर पाच वर्षं पडलेले ट्रेकिंगचे बूट काढले, पुसले, घातले, दिसायला नवेकोरे. दुसऱ्या शिडीच्या वर डाव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि चपलेसारखा फटक-फटक वाजायला लागला, शंभर पावलांत उजव्याचा पण. पडून राहिलेल्या बुटाचा गोंद आणि तळातला फोम आपोआप सडतो, त्यात आपल्याकडचं ऊन आणि पत्र्याखालचा माळा, मग काय होणार? लिंबू सरबतवाल्या एका मावशीनी तो अवतार बघितला, काही न बोलता पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडली आणि म्हणाल्या, "पाय इकडं कर दादा." बुटाला वरून खालून आडवे-उभे फेरे मारून अशी गाठ मारली की मी वर जाऊन खाली आलो तरी सुटली नाही. पैसे घेईनात, मग चार सरबतं प्यायलो. तेव्हा बूट आधी पंधरा दिवस घालून फिरा, आणि दोन मीटर सुतळी सॅकमध्ये टाकाच. नवे घ्यायचे तर महागाचेच पाहिजेत असं काही नाही, तळाला खोल खाचा असल्या की झालं.

बाकी सामान थोडक्यात: माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी, टॉर्च, विंडचीटर, गुडघ्याची पट्टी ज्यांना लागते त्यांना, नेहमीच्या गोळ्या, आणि सुट्टे पैसे, कारण डोंगरावर नेटवर्क येतं-जातं आणि स्कॅनरच्या भरवशावर चहा मिळत नाही. खायला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, यापेक्षा चांगलं ट्रेकिंगचं खाणं मला कुणी दाखवावं. चार दिवस खराब होत नाही, वजनाला हलकी, भूक भागते. सोबत गूळ-शेंगदाणे. चिप्सची पाकिटं नेऊच नका, वर माकडं आहेत आणि त्यांना पाकिटाचा आवाज बरोबर कळतो.

जायचं कसं

गाडीने जाणार असाल तर टेंभुर्णी, करमाळा करत नगर, नगरहून राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा आणि मग बारी. थांबत-थांबत नऊ-दहा तास धरा. पहाटे पाचला निघालं की अंधार पडायच्या आत पोचता आणि मला हा रस्ता आवडतो त्याला कारण आहे. कोल्हारपासून पुढं तुम्ही प्रवरा नदीच्या उलट्या दिशेने जाता. आधी लोणीचा उसाचा पट्टा, विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो भाग, मग संगमनेर, मग अकोल्याला नदी अगदी जवळ, मग घाट चढून भंडारदऱ्याचं धरण, आणि त्याच्या पाठीमागे रतनगड, जिथं ही नदी जन्मते. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला नदी अशी शेवटाकडून सुरुवातीकडं बघायला मिळणं म्हणजे काय ते तिथं गेल्यावर कळतं. कोल्हार-घोटी हा एकच रस्ता धरून ठेवा, तो थेट बारी गावावरूनच जातो, चुकायचा प्रश्न नाही.

रेल्वेने जायचं तर दोन मार्ग. एक म्हणजे सकाळची हुतात्मा पकडून पुणे, तिथून नाशिककडं जाणारी एसटी धरून संगमनेरला उतरायचं, संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर-भंडारदरा. दुसरा, रात्रीची सिद्धेश्वर पकडून पहाटे कल्याण, तिथून कसारा लोकल किंवा इगतपुरीकडची गाडी, मग घोटी, घोटीहून भंडारदरा रोडच्या एसटीने नाहीतर जीपने बारी. दुसरा मार्ग स्वस्त आणि रात्र गाडीत जाते म्हणून लोकांना आवडतो, पण परत तेच सांगतो, सकाळी अकरा-बाराला बारीत पोचून लगेच चढायला लागू नका. जेवा, झोपा, संध्याकाळी गावात फिरा. आम्ही पहिल्या वेळी रात्रभर गाडी चालवून उजाडता उजाडता पोचलो आणि चहा पिऊन थेट चढायला सुरुवात केली, पहिल्या शिडीखाली एकाच्या पोटरीत असा गोळा आला की तो तिथंच आडवा झाला. बाकी कुणीच नीट झोपलेलं नव्हतं, जो तो दुसऱ्यावर खेकसत होता. डोंगर काय बघितला कुणास ठाऊक.

मुक्काम

बारीत आणि पलीकडच्या जहागीरदारवाडीत बऱ्याच घरांत राहायची-जेवायची सोय होते. भंडारदऱ्याला, म्हणजे शेंडी गावात, हॉटेलं आहेत पण मला विचाराल तर गावातलं घरच धरा. ही गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, शेती भाताची आणि नाचणी-वरईची. जेवायला पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, वाफाळता भात. भाकरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर ज्वारीच येते, मालदांडी खाऊन वाढलेल्या माणसाला पहिला घास जरा वेगळा लागतो, दुसऱ्या भाकरीला काही वाटत नाही.

आदल्या दिवशीच सांगून ठेवा किती जण जेवणार ते, ऐनवेळी दहा ताटं वाढवा म्हणू नका. आणि पाण्याचं बघा. एवढा पाऊस पडणारा भाग, शेजारी धरण, तरी उन्हाळ्यात इथल्या बायकांना डोक्यावर हंडे वाहावे लागतात, कारण डोंगराच्या उतारावर पाणी थांबत नाही, सगळं खाली निघून जातं. नळाच्या पाण्याची टंचाई माहीत असलेल्या आपण तरी तिथं अंघोळीला तीन बादल्या मागू नयेत.

चढताना

पहाटे साडेपाच-सहाला निघा. गावात माणशी थोडी एन्ट्री फी घेतात, पावती घेऊन पुढं. घरांच्या मधनं वाट ओढ्याकडं जाते, ओढा ओलांडला की खाचरांच्या बांधावरनं थोडं चालून चढ सुरू. काही वेळाने कळसूबाईचं खालचं मंदिर लागतं. वर जाऊ न शकणाऱ्यांसाठी देवी इथंच, म्हणून घरात गुडघेदुखीवाले आई-वडील असतील तर त्यांना इथपर्यंत आणा, नमस्कार होतो, निवांत बसता येतं.

त्या मंदिरापासून पुढचा तासभर सगळ्यात त्रासाचा. दगडी पायऱ्या, त्यांची उंची कमी-जास्त, आणि अंग अजून तापलेलं नसतं. बहुतेक लोक इथंच "बास, मी काय येत नाही" म्हणतात. त्यांना दहा मिनिटं बसवा, गूळ द्या, आणि सावकाश चालवा. ओळख सोपी, चालता चालता बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर तुमचा वेग जास्त आहे. पोरं पहिल्या अर्ध्या तासात पळतात आणि नंतर दगडावर सापडतात.

मग शिड्या. तीन-चार ठिकाणी आहेत, लोखंडी, दोन्ही बाजूला धरायला कठडा. त्या बसवायच्या आधी लोक खडकाला धरून, साखळ्यांच्या आधाराने जायचे. शिडीवर दोन नियम पाळा. वरचा माणूस पूर्ण वर गेल्याशिवाय खालच्याने घाई करायची नाही, आणि उतरताना तोंड शिडीकडं, पाठ दरीकडं. पाठ टेकवून उतरणारे हिरो प्रत्येक वेळी दिसतात. सॅकला लोंबणाऱ्या बाटल्या, सेल्फी स्टिक आत टाका, एकाची बाटली निसटली की खालच्याच्या डोक्यात.

शेवटच्या शिडीच्या आधी सपाटी लागते, तिथं विहीर आहे. पावसानंतर पाणी असतं, उन्हाळ्यात भरवसा धरू नका. इथं पाच-दहा मिनिटं थांबाच कारण वरची शेवटची शिडी लांब आणि उभी, आणि वाराही इथूनच अंगावर यायला लागतो. ती चढलात की माथा. बारीहून इथपर्यंत आपल्यासारख्यांना तीन ते चार तास.

वर

माथा छोटासा, आणि त्यावर शेंदरी रंगाचं देवीचं देऊळ, दोन-तीन माणसांनी आत वाकून बसावं एवढंच. कळसू ही कोळ्याची पोर, शेजारच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस घरच्यांनी तेच काम तिच्या गळ्यात मारलं, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली ती कायमची, अशी गोष्ट गावात सांगतात. माझ्या बायकोला ही देवी एकदम पटली.

हवा स्वच्छ असेल तर एकेक नाव ओळखायला घ्या. पश्चिमेला तीन राक्षस शेजारी-शेजारी उभे दिसतात ते अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. दक्षिणेकडं भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या मागं रतनगड, आणखी लांब हरिश्चंद्रगड. पूर्वेला पट्टा आणि औंढा, उत्तरेला नाशिककडचे डोंगर. आणि एक गंमत, पायाखालचा काळा कातळ आणि आपल्या मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणारी काळी माती ही एकाच घरातली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्याचा हा बेसॉल्ट, आणि तोच झिजून झिजून आपल्याकडची काळी रानं झाली.

वर तासाभरापेक्षा जास्त थांबू नका, अकराच्या आत उतरायला लागा. उतरायला अडीच ते तीन तास, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं, तिरकं-तिरकं. खाली आलात की लगेच आडवं व्हायचं नाही, पोटऱ्या ताणून घ्या, मीठ-साखर-लिंबूपाणी प्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी संडासला बसताना डोंगर आठवतो.

तिसरा दिवस, गावं

लोक डोंगर झाला की परत फिरतात, तिथं चूक होते. सकाळी लवकर निघून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने रतनवाडीला जा. तिथं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, खांबांवरचं कोरीवकाम बघायला अर्धा तास ठेवा, सिद्धेश्वराच्या गावचे आपण, शंकराला चुकवून कसं चालेल. तिथून साम्रद, सांदण दरीचं तोंड नुसतं वरून बघा, आत उतरायचं असेल तर वेगळा दिवस, स्थानिक वाटाड्या, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. पुढं घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली एकदम कोकण.

धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२६ साली पूर्ण झालेलं. रंधा धबधबा परतीच्या वाटेवरच, पाण्याच्या कडेला जाऊ नका, कठड्याच्या अलीकडून बघा. हा सगळा पट्टा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा दारू आणि डीजे घरीच ठेवून या.

याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८४८ मध्ये ठाण्याला फासावर गेले. आणि याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळालेल्या. पोरं सोबत असतील तर गाडीत हे सांगत चला, तेवढाच मोबाईल खाली ठेवतात.

जाताना गावातूनच चार-पाच किलो इंद्रायणी किंवा काळभात तांदूळ घ्या, घासाघीस करू नका. राजूरला गाडी थांबवून पेढे घ्या, पण एक किलो जास्तीचा, कारण अर्धा किलो संगमनेरपर्यंतच संपतो. दुपारी बाराच्या आत राजूर सोडलं तर रात्री दहा-अकराला सोलापूर. सोमवारची रजा मात्र निघायच्या आधीच टाकून ठेवा, पाय दुखतात म्हणून साहेबाला सकाळी फोन केला तर तो विश्वास ठेवत नाही, माझ्या बाबतीत झालंय हे.